खाल्लेलं अंगाला लागावं म्हणून: स्वादुपिंडाचा कर्करोग आणि घरचं ताट

फोंडा तालुक्यातून एका मुलाने आईबद्दल विचारलं आहे. आईचं वय ६२. स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागात गाठ आहे. कावीळ झाली म्हणून पित्तनलिकेत स्टेंट (वाट उघडी ठेवणारी बारीक नळी) घातला. शस्त्रक्रिया सध्या शक्य नाही, केमो सुरू झाली आहे. वजन ५९ किलोवरून ४८ वर आलं आणि रक्तातली साखरही वाढली. 'नातेवाईक म्हणतात साखर बंद करा, नारळ बंद करा, नुस्तं (मासळी) बंद करा, फक्त पेज आणि फळांचा रस द्या. आई कशीबशी दोन वाट्या पेज घेते. पोट सारखं डब्ब असतं, दिवसातून चार-पाच वेळा संडासला जावं लागतं. तिला काय द्यावं आणि काय टाळावं?'

मी आहारतज्ज्ञ आहे आणि गोव्यात कर्करोगाच्या रुग्णांबरोबर बरीच वर्षं काम करते. तुमच्या पत्रात सगळ्यात मोलाची माहिती शेवटी, जाता जाता आली आहे: पोट डब्ब होणं आणि सारखं संडासला जावं लागणं. काय टाळावं हा प्रश्न आपण नंतर घेऊ. आधी आईने खाल्लेलं तिच्या अंगाला लागतं आहे का, ते बघायला हवं. मला वाटतं, लागत नाही.

स्वादुपिंड रोज साधारण दीड लिटर पाचकरस तयार करून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात सोडतं. स्निग्ध पदार्थ, प्रथिनं आणि पिष्ट या तिन्ही गोष्टी पचवणारी एन्झाइम त्या रसात असतात. गाठ डोक्याकडच्या भागात असली की रसाची नळी दाबली जाते आणि रस आतड्यापर्यंत पोचतच नाही. आधी पचेनासे होतात ते स्निग्ध पदार्थ. मग शौच फिकट, तेलकट, उग्र वासाचं होतं, पाण्यावर तरंगतं, भांड्याला चिकटून राहतं. जेवल्यावर पोट फुगतं, गुरगुरतं, मुरडा येतो. माणूस खातो आणि वाळत जातो.

आपल्याकडे यात एक अडचण हमखास होते. घरच्यांनी आधीच रुग्णाला पेजेवर आणलेलं असतं. पेजेत स्निग्धांश जवळजवळ नसतोच, त्यामुळे तेलकट शौच दिसत नाही. डॉक्टरांनी 'शौचाला तेलकट होतं का?' असं विचारलं तर घरचे प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. म्हणून तेलकट शौच दिसत नसलं तरी एन्झाइमच्या कॅप्सूलबद्दल तुम्ही स्वतःहून विचारा. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१८ साली या आजारासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ज्यांची गाठ काढता येत नाही अशा रुग्णांना ही कॅप्सूल द्यावीच, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. तरीही कितीतरी रुग्ण माझ्यापर्यंत येतात तेव्हा त्यांनी हिचं नावही ऐकलेलं नसतं. याची मला फार चुटपुट लागते, कारण या आजारात खाण्यापिण्याच्या बाजूने इतका लवकर दिसणारा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही.

औषधाचं नाव पॅनक्रियाटिन. बाटलीवर लायपेजचे, म्हणजे स्निग्ध पदार्थ पचवणाऱ्या एन्झाइमचे, युनिट लिहिलेले असतात: १०,०००, २५,०००, ४०,०००. मोठ्यांना सहसा मुख्य जेवणाबरोबर ५०,००० युनिट आणि मधल्या खाण्याबरोबर २५,००० युनिट, अशी सुरुवात करतात. पुढे शौच आणि वजन बघून मात्रा वाढवतात. तुमच्या आईची मात्रा तिचे डॉक्टर ठरवतील. पण 'दिवसातून एक गोळी, रात्री जेवल्यावर' असं कुणी लिहून दिलं असेल तर परत जाऊन विचारा. इतक्याने भागणं कठीण आहे.

घ्यायची पद्धत मात्रेइतकीच महत्त्वाची आहे. कॅप्सूल जेवणाआधी नको आणि जेवण आटोपल्यावरही नको. पहिल्या घासाबरोबर एक, जेवण अर्ध्यावर आलं की दुसरी. अन्न आणि एन्झाइम पोटात एकत्र असायला हवीत, तरच उपयोग. साध्या पाण्याबरोबर गिळावी, गरम चहाबरोबर किंवा वाफाळत्या पेजेबरोबर नको, कारण उष्णतेने एन्झाइम निकामी होतात. चावायची नाही. गिळता येत नसेल तर कॅप्सूल उघडून आतले दाणे चमचाभर आंबटसर मऊ पदार्थात, म्हणजे सफरचंदाच्या शिजवलेल्या गरासारख्या कशात तरी, मिसळावेत, लगेच गिळावेत आणि वर पाणी प्यावं. दाणे हिरड्यांपाशी अडकून राहिले तर तोंड येतं. दूध, दुधाचा चहा, नाचणीचं सत्त्व, नारळाच्या रसाची सोलकढी यांच्याबरोबरही कॅप्सूल लागते. कोरा चहा, आडसराचं (शहाळ्याचं) पाणी, नुसतं सोलाचं पाणी किंवा फळाची फोड असेल तर लागत नाही. बाटली चुलीजवळच्या फडताळात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. गोव्यातला उन्हाळा आणि दमटपणा या औषधाला मानवत नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण ती मागाहून कळली की घरात वाद होतात. हे औषध डुकराच्या स्वादुपिंडापासून तयार करतात. शाकाहारी घरांत आणि मुसलमान कुटुंबांत हा प्रश्न येतोच. त्याच्या तोडीचं दुसरं काही मिळत नाही. दुकानात मिळणारी बुरशीपासून केलेल्या डायस्टेजची पाचक सिरपं त्याची जागा घेऊ शकत नाहीत. निर्णय आईचा आहे. तिच्यापासून लपवून देऊ नका, तिला सांगा आणि ठरवू द्या. औषध म्हणून मनाची तयारी करून घेणारी बरीच माणसं मी पाहिली आहेत.

कॅप्सूल चालू झाल्या तरी फरक दिसत नसेल तर तीन गोष्टी बघतात: वेळ चुकते आहे का, मात्रा कमी पडते आहे का, पोटातली आम्लता जास्त आहे का. तिसऱ्या कारणासाठी डॉक्टर ॲसिडिटीची गोळी जोडतात.

आता ताटाकडे वळू. पेज वाईट आहे असं मी म्हणणार नाही. उकड्या तांदळाची पेज, सोबत लोणच्याची फोड, हे गोव्यातल्या आजारी माणसाचं हक्काचं अन्न आहे. तोंडाला बरं वाटतं, पाणी पोटात जातं. पण वाटीभर पातळ पेजेत मूठभरही तांदूळ नसतो. दोन वाट्यांवर ४८ किलोचा देह चालत नाही. या आजारात शरीर आपलेच स्नायू जाळत असतं, त्यामुळे गरज उलट वाढते. सर्वसाधारण हिशेब असा की वजनाच्या दर किलोमागे दिवसाला २५ ते ३० कॅलरी आणि एक ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. तुमच्या आईसाठी म्हणजे बाराशे ते साडेचौदाशे कॅलरी आणि साठेक ग्रॅम प्रथिनं.

साठ ग्रॅम ऐकून घाबरू नका. दोन अंडी म्हणजे १२ ग्रॅम. काटे काढलेली शंभर ग्रॅम मासळी म्हणजे २० च्या आसपास. दोन कप दूध १३, वाटीभर घट्ट डाळ ६ किंवा ७, वाटीभर दही ५. एवढ्यातच ५६-५७ झाले आणि भात-पोळीतले अजून जमेला आले नाहीत. हे एका बैठकीत होणार नाही. दिवसभरात सहा-सात वेळा थोडं थोडं द्यायचं. आपल्या जुन्या दिनक्रमात त्याची सोय आहे: सकाळी चहा-पाव, दहाच्या सुमाराला पेज, दुपारी शीत-कडी, चारचा चहा, रात्रीचं जेवण. यातली दहाची पेज आणि चारचा चहा जड करायचा, एवढंच. पेजेत मुगाची डाळ शिजवून घोटा, वर चमचाभर तूप सोडा, शेजारी उकडलेलं अंडं ठेवा. चहाबरोबर नुसता उंडो (पाव) न देता त्याच्यावर लोणी किंवा शेंगदाण्याचं बटर लावा. दुधात दोन चमचे दुधाची पावडर विरघळवली की तेवढ्याच कपात प्रथिनं दीडपट-दुप्पट होतात. नाचणीचं तिजण (गोड पेज) दूध घालून केलं तर फारच छान. केळं, दूध, दुधाची पावडर आणि चमचाभर काजूची पूड हे मिश्रण महागड्या डब्याच्या पावडरीइतकंच कामाचं आहे. डब्याची पावडर परवडत असेल तर जरूर द्या. परवडत नसेल तर त्यासाठी कर्ज काढू नका.

मासळी बंद करायला कुणी सांगितलं असेल तर ते विसरा. मऊ, शिजायला आणि चावायला सोपं, भरपूर प्रथिनांचं असं दुसरं अन्न आपल्या किनाऱ्यावर नाही. आजारातून उठणाऱ्याला मुडदुशे द्यायची आपल्याकडे पद्धत आहे, ती चांगली आहे. शेवटे, इसवण, काटे नीट काढलेले बांगडेसुद्धा चालतील. तिखट कमी, सोलं आणि तिरफळ घातलेलं हुमण चालेल, फक्त तळणाचा मारा नको. मासळी टिकवायला फॉर्मेलिन हे रसायन लावतात, या २०१८ सालच्या गदारोळापासून काही घरांनी मासळीचा धसका घेतला आहे. ओळखीच्या नुस्तेकारणीकडून ताजं घ्या, घरी नीट धुवा आणि पुरेसं शिजवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. तेव्हा खाऱ्या सुक्या मासळीवर भिस्त ठेवू नका, अंडी आणि चिकन वाढवा. सोमवार-गुरुवारी घरात शिवराक (शाकाहारी) असेल तर मूग, अळसांदे (चवळीचा प्रकार), पनीर, दही. अळसांद्यांनी पोट फुगत असेल तर मुगाची साल काढलेली डाळच बरी.

नारळाचंही तेच. 'चरबी पचत नाही ना, मग बंद करा' हा तर्क ऐकायला बरोबर वाटतो, पण या आजारात तो नुकसान करतो. एक ग्रॅम स्निग्धांशातून नऊ कॅलरी मिळतात, भात आणि प्रथिनांतून चारच. वजन घटणाऱ्या माणसाच्या ताटातून तीच गोष्ट काढली तर भरून कशाने काढणार? म्हणून आधी कॅप्सूलची मात्रा वाढवायची, तेल-नारळ शेवटी कमी करायचा, तोही पोट खरोखरच साथ देत नसेल तर. खोबऱ्याचा चोथा जड जात असेल तर रस काढून वापरा. ज्यांना कॅप्सूल मिळतच नाही त्यांच्यापुढे मात्र तेल-तूप थोडं कमी ठेवण्यावाचून इलाज नसतो.

फळांच्या रसाबद्दल माझं मत कडक आहे. ग्लासभर रसाने पोट भरतं, साखर एकदम चढते आणि प्रथिनं मिळतात शून्याच्या जवळपास. भाज्यांच्या कच्च्या रसाने आणि वाडगाभर सॅलडने तर पोट नुसतं फुगतं. आईची भूक आता लहानशा थैलीइतकी आहे, तिच्यात जे घालाल ते वजनदार हवं. फळ द्यायचं तर आख्खं: पिकलेलं केळं, पपई, चिकू. पाणीसुद्धा जेवताना घटाघटा नको, दोन खाण्यांच्या मध्ये घोट घोट द्या.

रक्तातल्या साखरेचा भाग नाजूक आहे. स्वादुपिंडच इन्सुलिन बनवतं, त्यामुळे या आजारात मधुमेह होणं अनपेक्षित नाही. पण हा नेहमीचा, वजन जास्त असलेल्या माणसाचा मधुमेह नव्हे. त्या मधुमेहाचा तक्ता, भात अर्धी वाटी, केळं वर्ज्य, बटाटा वर्ज्य, इथे लावला तर आई अजून खंगेल. इथे माणसाने खावं आणि औषध त्या खाण्याला जुळवून घ्यावं. अनेकांना इन्सुलिन लागतं आणि ते घेतल्यावर वजन सावरायलाही मदत होते. फक्त इन्सुलिन टोचलं आणि आईने ताट परत पाठवलं, असं होता कामा नये. स्वादुपिंडातून साखर वाढवणारं ग्लुकागॉनही कमी झालेलं असतं, म्हणून साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं की लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि मग ग्लुकोमीटर शोधा. कॅप्सूलमुळे अन्न पचू लागलं की रक्तातली साखर वाढते, हेही लक्षात असू द्या. तो कॅप्सूलचा दोष नव्हे, अन्न आत जाऊ लागल्याची खूण आहे. डॉक्टरांना कळवा, ते इन्सुलिन जुळवतील.

'साखरेने कॅन्सर वाढतो' हे वाक्य प्रत्येक घरात पोचलं आहे. शरीरातली प्रत्येक पेशी ग्लुकोज वापरते, आणि तुम्ही साखर खाल्ली नाही तर शरीर ती स्नायूंतून तयार करतं. चहातली चमचाभर साखर काढून गाठ उपाशी मरत नाही, आई मात्र चहा प्यायची थांबते.

केमोच्या दिवसांत नियम थोडे बदलतात. मळमळीची गोळी मळमळ सुरू होण्याची वाट न बघता, सांगितलेल्या वेळी द्या. खाण्याच्या अर्धा तास आधी दिली तर चार घास जास्त जातात. त्या दिवसांत स्वयंपाकघरात मासे तळले जात असतील तर आईला लांबच्या खोलीत किंवा बाहेर बाल्कांवात बसवा. गरम अन्नाला वास जास्त येतो, कोमट किंवा गार झालेलं चालून जातं. तोंडाला धातूसारखी चव येत असेल तर सोलं, लिंबू, कैरी यांचा उपयोग होतो, स्टीलऐवजी प्लास्टिकचा चमचा बरा वाटतो. तोंड आलं असेल तर आंबट आणि तिखट दोन्ही बंद, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि मऊ भात-दही. ऑक्सॅलिप्लॅटिन हे औषध चालू असेल तर प्रत्येक फेरीनंतरचे पहिले चार-पाच दिवस फ्रिजमधलं काहीही नको. थंड घोटाने घशात विचित्र आवळल्यासारखं होतं, बोटांना झिणझिण्या येतात. त्या दिवसांत आईने फ्रिज उघडून भांडी काढण्याचं कामही करू नये. इरिनोटेकॅन चालू असेल तर त्याच्याने जुलाब होतात. ते जुलाब आणि न पचण्याचे जुलाब वेगळे, दोघांची औषधं वेगळी. म्हणून किती वेळा आणि कसं झालं ते वहीत लिहा.

केमोमुळे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या काळात पाणी उकळून गार केलेलंच द्या, विहीर कितीही चांगली असली तरी, आणि पावसाळ्यात तर नक्कीच. तिसऱ्यो, खुबे, शिनाण्यो हे शिंपल्यांचे प्रकार त्या काळात मी सरळ बंद ठेवायला सांगते. अंडं पूर्ण शिजलेलं हवं. गाड्यावरचं काही नको. घरी लावलेलं ताजं दही चालेल का, हे मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारा, कारण तो निर्णय पेशींच्या संख्येवर असतो. अंगात १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघत बसू नका. त्याच वेळी रुग्णालय गाठा.

स्टेंटच्या बाबतीतही तेच. हुडहुडी भरून ताप, लघवी पुन्हा गडद, डोळे पुन्हा पिवळे किंवा अंगाला खाज, म्हणजे स्टेंट तुंबला असण्याची शक्यता आणि पित्तनलिकेत संसर्ग. १०८ ला फोन करा, त्याच दिवशी दाखवा. हे काही तासांत गंभीर होऊ शकतं. पित्तनलिकेतल्या स्टेंटसाठी वेगळं पथ्य नसतं. पण खाल्लेलं अन्न काही तासांनी, कधी कधी आदल्या रात्रीचंसुद्धा, तसंच उलटून पडू लागलं तर गाठीने आतड्याची वाट अडवली असेल. तिथे कुठलाही आहार कामाला येत नाही. तिथेही स्टेंट घालता येतो किंवा वाट वळवता येते. असा आतड्यातला स्टेंट घातला तर मात्र धागेदार गोष्टी टाळायच्या: शेवग्याच्या शेंगा, अननस, फणस, तांबड्या भाजीचे देठ, खोबऱ्याचा कीस. एकाच पायाला सूज येणं किंवा अचानक दम लागणं हेही लगेच दाखवा. या कर्करोगात रक्ताच्या गुठळ्या होण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं.

चरबीबरोबर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही शरीरात जात नाहीत. हिरड्यांतून रक्त येणं, सहज काळे-निळे डाग पडणं हे 'के'च्या कमतरतेमुळे असू शकतं. तपासणी करून डॉक्टर देतील तेवढंच घ्या.

आता काढे आणि पाल्यांचा विषय. शेजारी कुणीतरी लक्ष्मणफळाची पानं आणून दिलीच असतील, गोव्यात ते झाड परसात असतं. फळ चमचाभर चवीला खाल्लं तर हरकत घेणार नाही, पण पानांचा काढा रोज पिऊ नका. त्यातल्या ॲनोनासिन या द्रव्याला मज्जासंस्थेच्या आजाराशी जोडणारा अभ्यास कॅरिबियन बेटांवर झाला आहे. गुळवेलीच्या काढ्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आपल्याकडच्याच डॉक्टरांनी केल्या आहेत. नुकती कावीळ होऊन गेलेल्या माणसावर हा प्रयोग कशाला? हळद स्वयंपाकात जेवढी पडते तेवढी उत्तम, तिच्या दाट अर्काच्या गोळ्या केमोच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. भूक लागावी म्हणून चमचाभर फेणी देतात, तीही नको. अमेरिकेत एका अभ्यासात याच कर्करोगाच्या काही रुग्णांनी केमोऐवजी भरमसाट एन्झाइम, विशेष आहार, पूरक गोळ्या आणि कॉफीचे एनिमा असा मार्ग स्वतःहून निवडला होता. केमो घेणाऱ्यांचं आयुष्य मध्यमानाने १४ महिने निघालं, त्या मार्गाने गेलेल्यांचं साधारण सव्वाचार. मी वर सांगितलेल्या कॅप्सूल अन्न पचवण्यासाठी आहेत. त्या कर्करोग बरा करत नाहीत, आणि माझा कुठलाही आहारही करत नाही. नीट खाल्लेल्या माणसाला केमो जास्त सोसवते, फेऱ्या सहसा पुढे ढकलाव्या लागत नाहीत, अंगात उठून बसायचं त्राण राहतं. ते लहान नाही.

त्राण टिकवायला नुसतं खाणं पुरत नाही, स्नायूंना काम लागतं. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, पाच वेळा, दिवसातून दोन-तीनदा. दारापासून तुळशीपर्यंत आणि परत. चक्कर येत असेल त्या दिवशी नाही. 'आई, तू पडून राहा, आम्ही आहोत' या प्रेमाने पाय लवकर जातात.

दुखत असताना कुणालाच जेवता येत नाही. या आजाराचं दुखणं पोटातून पाठीत जातं, पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटतं. मॉर्फिन म्हटलं की घरचे दचकतात. त्याचा अर्थ शेवट जवळ आला असा होत नाही, आणि दुखण्यासाठी योग्य मात्रेत घेणाऱ्याला व्यसन लागण्याची भीती फारच थोडी असते. जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी वेदनाशामक बसेल अशी वेळ डॉक्टरांकडून लावून घ्या. मॉर्फिनबरोबर बद्धकोष्ठाचं औषध पहिल्या दिवसापासून लागतं. औषधांनी भागत नसेल तर पोटातल्या मज्जातंतूंच्या जाळ्याला इंजेक्शन देऊन दुखणं कमी करण्याचा उपायही आहे. गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा जिथे उपचार चालू आहेत तिथे वेदना आणि उपशामक उपचारांच्या डॉक्टरांना लवकर भेटा, 'आता काही उरलं नाही' अशी वेळ यायची वाट बघू नका.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण घराघरात घडतं ते सांगते. आई ताट सारते, मुलगा रागावतो, सून रडते. जेवणाची वेळ म्हणजे परीक्षा होऊन बसते. भूक नसणं हा तिचा हट्ट नाही, आजार तिच्या मेंदूतली भूकच मारतो. 'खा ना, आमच्यासाठी' हे वाक्य तिला अपराधी करतं. ताट लहान घ्या, वाढायचं कमी, आणि ती नको म्हणाली की शांतपणे उचला. तासाभराने दुसरं काही पुढे करा. तिच्याबरोबर तुम्हीही बसून जेवा. सोमवारचा उपास सोडायला ती तयार नसेल तर भांडू नका, त्या दिवशी दूध, केळं, दही, शेंगदाणे, खीर यांवर दिवस निभावतो. चवथीला पातोळी मागितली तर द्या, सोबत कॅप्सूल द्या. ती सतत उदास असेल, कशातच जीव रमत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा. या आजारात नैराश्य पुष्कळांना येतं आणि त्यावर औषध आहे.

कधीतरी असा काळ येऊ शकतो की काहीही केलं तरी खाणं कमीच होत जाईल. तेव्हा 'सलाईन तरी लावा' असा घरच्यांचा आग्रह असतो. पाच टक्के ग्लुकोजच्या लिटरभर बाटलीत ५० ग्रॅम साखर असते, म्हणजे पावणेदोनशेच्या आसपास कॅलरी. तिने शक्ती येत नाही, उलट कधी अंगाला सूज येते, छातीत पाणी साठतं. त्या टप्प्यावर माझे आकडे, साठ ग्रॅम वगैरे, बाजूला ठेवायचे. तिला जे आवडेल तेवढंच, मग तो चमचाभर सोलकढीचा घोट का असेना. ओठ ओले ठेवायचे, तोंड स्वच्छ ठेवायचं. तुमची आई आज त्या टप्प्यावर आहे असं तुमच्या पत्रावरून मला वाटत नाही. केमो चालू आहे, ती चालते-बोलते आहे, आणि न पचण्यावर अजून उपचारच झालेला नाही.

म्हणून या आठवड्यातच ओपीडीत जा. एन्झाइमच्या कॅप्सूलबद्दल विचारा, साखरेच्या नोंदी दाखवा, ड जीवनसत्त्व आणि रक्त गोठण्याची तपासणी करायची का ते विचारा, आणि दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर कुठली औषधं त्यात बसतात ते तिथल्या मदत कक्षात बघून घ्या. कॅप्सूल सुरू झाल्यावर रोज वहीत तीन गोष्टी लिहा: किती वेळा खाल्लं, किती कॅप्सूल घेतल्या, शौच कसं आणि किती वेळा झालं. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर. दहा दिवसांनी ती वही घेऊन तुमच्या रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञाला भेटा, मात्रा वाढवायची की वेळ बदलायची ते त्या नोंदींवरून ठरवता येईल.